नवं नायट्रो इंजिन: बसवताना आणि पहिल्या टाक्या जाळताना

नायट्रो इंजिनावर चालणाऱ्या आरसी गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न फिरून फिरून त्याच जागी येतात. नवं इंजिन आणलं, पुल-स्टार्टरची दोरी ओढून खांदा दुखायला लागला, तरी सुरू होईना. सुरू झालं तर दोन मिनिटांत बंद पडलं. दुकानदार सांगतो, पहिल्या पाच टाक्या गाडी ठोकळ्यावर ठेवून नुसत्या आयडलवर जाळा. मैदानावरचा जुना खेळाडू सांगतो, असं केलंत तर इंजिनाचं आयुष्य तिथंच निम्मं झालं. ऐकायचं कुणाचं?

मैदानावरच्या माणसाचं ऐका. कारण समजलं की पुढचे बरेचसे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील, म्हणून तेवढी एकच तांत्रिक गोष्ट आधी सांगतो.

नवं इंजिन घट्ट का असतं

या गाड्यांची बहुतेक इंजिनं 'एबीसी' बांधणीची असतात: अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा थर दिलेली पितळी स्लीव्ह. पिस्टनला रिंग नसते. त्याऐवजी स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती केलेली असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर गेला की अडकल्यासारखा होतो. हा दोष नाही, असंच असायला हवं. इंजिन तापल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं, वरची जागा मोकळी होते आणि दोघांचं माप जुळतं. म्हणजे हे इंजिन गरम असतानाच नीट बसेल असं बनवलेलं आहे.

आता थंड इंजिन भरपूर इंधन पाजून तासभर आयडलवर ठेवलं तर काय होईल? इंधनाचा थंडावा आणि जोर नसलेली चाल, यामुळे ते तापतच नाही. पिस्टन प्रत्येक फेरीत त्या अरुंद भागावर घासत राहतो, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो, आणि ज्या घट्टपणावर पुढे कॉम्प्रेशन टिकायचं तोच घासून जातो. म्हणून ब्रेक-इनचा, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचा, नियम एवढाच: मिश्रण थोडं रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), इंजिन गरम, चाल सौम्य, आणि दोन टाक्यांमध्ये पूर्ण विश्रांती.

विकत घेण्याआधी

जुन्या इंजिनाच्या जागी नवं घेणार असाल तर नुसत्या सी.सी.वर जाऊ नका. १/१० मापाच्या गाड्यांत बहुधा .१२ ते .१८ चं इंजिन असतं (साधारण २ ते ३ सी.सी.), तर १/८ बगीत .२१ चं, म्हणजे ३.५ सी.सी.चं. आपल्याकडे पुष्कळ दिसणाऱ्या एचएसपीच्या १/१० गाड्यांत .१८ चं येतं. माप जुळलं तरी पुढच्या गोष्टी जुळतातच असं नाही:

- क्रँकशाफ्टचा प्रकार आणि लांबी. 'एसजी' शाफ्ट आणि साधा आटे पाडलेला शाफ्ट यांचे क्लचचे भाग वेगळे.
- पुल-स्टार्टर आहे की नुसती बॅकप्लेट. बॅकप्लेटवालं इंजिन सुरू करायला स्टार्टर बॉक्स लागतो, तो खर्च वेगळा.
- एक्झॉस्ट बाजूला आहे की मागे.
- कार्ब्युरेटर रोटरी आहे की स्लाइड. एक फिरून उघडतो, दुसरा सरळ सरकून. सर्व्होची जोडणी त्याप्रमाणे बदलते.

आणि सर्वांत आधी इंधनाचं विचारा. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात कारचं नायट्रो इंधन नियमित मिळतं का? ज्वलनशील असल्यामुळे ते विमानातून आणता येत नाही, प्रवासी रेल्वेगाडीतून नेणंही मना आहे. इंधनाची सोय नसेल तर इंजिन घेऊ नका. त्या पैशांत विजेवरची चांगली गाडी येते.

पेट्रोल चालेल का?

नाही. हा प्रश्न इतका येतो की त्याला वेगळी जागा दिली. नायट्रो इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार आणि मिथेनॉल यांच्या रासायनिक क्रियेने तार तापलेली राहते आणि स्फोट होत राहतो. पेट्रोलवर ही क्रिया होत नाही. वर इंजिनाचं वंगण इंधनातच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल टाकणं म्हणजे इंजिन कोरडं चालवणं, आणि सिलिकॉनच्या नळ्याही त्यात फुगतात. १/५ मापाच्या मोठ्या गाड्यांची स्पार्क प्लगवाली पेट्रोल इंजिनं हा निराळा प्रकार आहे.

कारच्या इंधनात मिथेनॉल, साधारण १६ ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. तेलात एरंडेल असेल तर ब्रेक-इनला चांगलंच. जास्त तापमानातही ते धातूला धरून राहतं. विमानाच्या इंधनात तेल जास्त आणि नायट्रो कमी असतं, ते कारला वापरू नका. पुढे जे इंधन वापरणार आहात त्यावरच ब्रेक-इन करा. मध्येच टक्केवारी बदलली की नीडलची, म्हणजे कार्ब्युरेटरवरच्या इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूंची, मापं पुन्हा लावावी लागतात.

मिथेनॉल हे विष आहे

२०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. तेच तुमच्या डब्यात आहे. ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीव जातो. कातडीतूनही ते शरीरात शिरतं. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचं उशिरा कळतं. म्हणून हे चार नियम कुठल्याही इंजिनापेक्षा मोठे समजा: पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत इंधन कधीही भरू नका, डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा, कुलपात ठेवा, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घाला, जवळ एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. सुटं मिथेनॉल आणून घरी मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका.

इंजिन बसवणं

जुनं इंजिन गेलं असेल तर ते का गेलं हे आधी पाहा. कार्ब्युरेटरच्या तोंडात किंवा पिस्टनवर बारीक माती दिसली तर दोष एअर फिल्टरचा, आणि तो तसाच ठेवलात तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल. कोकणातली तांबडी धूळ काय किंवा देशावरच्या काळ्या मातीची भुकटी काय, दोन्ही कोरड्या फोममधून सहज आत जातात. फोमला फिल्टर ऑइल लावा, सगळीकडे सारखं पसरेपर्यंत दाबा, जादा तेल पिळून काढा आणि फिल्टर झिप-टायने आवळा. इंधनाच्या नळ्या आणि इंधन फिल्टर याच वेळी नवे घाला.

फ्लायव्हीलचा नट आवळताना क्रँक फिरू नये म्हणून एक्झॉस्टच्या खिडकीतून स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन अडवण्याची खोड अनेकांना असते. त्याने पिस्टनची कड आणि स्लीव्ह खरवडते. फ्लायव्हील धरायचा पाना मिळतो, तो वापरा. क्लच बेल बसल्यावर हाताने मोकळी फिरायला हवी आणि पुढे-मागे अगदी जराशी, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, हलायला हवी. घट्ट बसली तर शिम काढा, नाहीतर बेअरिंग जळेल.

इंजिन माउंट चेसिसवर सपाट टेकतात का ते पाहा. धातूत धातू जाणारे सगळे स्क्रू आधी तेलमुक्त पुसा आणि मग मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉक लावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते लावू नका, प्लास्टिक तडकतं. हे स्क्रू इतक्यात शेवटचे आवळू नका, कारण आता गिअर मेश लावायचा आहे.

क्लच बेल आणि मोठा स्पर गिअर यांच्या दातांत वहीच्या कागदाची पट्टी घाला, इंजिन त्यावर दाबा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये. स्पर गिअर पूर्ण गोल असतोच असं नाही, म्हणून एक पूर्ण फेरी फिरवून सर्वांत घट्ट जागी थोडा प्ले आहे ना ते तपासा. मेश घट्ट राहिला तर क्रँकच्या बेअरिंगवर भार येतो, फार सैल राहिला तर पहिल्याच जोरात दात जातात.

एक्झॉस्टचा गॅस्केट नीट बसवा. पाइपमधून निघणारी छोटी नळी टाकीच्या झाकणाला जाते आणि टाकीत दाब तयार करते. त्या दाबावरच इंधन कार्ब्युरेटरपर्यंत नियमित पोचतं. सांध्यातून गळती असेल, टाकीच्या झाकणाचं रबर बसलेलं नसेल, तर इंजिन कधी नीट चालेल आणि कधी अचानक लीन होईल (इंधन कमी पडेल), आणि तुम्ही बिचाऱ्या नीडल फिरवत बसाल. नळ्या इंजिनाच्या हेडला किंवा पाइपला टेकू देऊ नका.

थ्रॉटल बंद असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात पाऊण ते एक मिलिमीटर फट राहावी. ब्रेक त्यानंतरच लागायला सुरुवात व्हावी. रिटर्न स्प्रिंग लावा आणि रिसीव्हरचं फेल-सेफ तपासा: इंजिन बंद ठेवून थ्रॉटल दाबा आणि ट्रान्समीटर बंद करा. सर्व्हो ब्रेककडे गेला पाहिजे. ही चाचणी न करता पळवलेली गाडी सिग्नल तुटला की पूर्ण वेगाने माणसांत शिरू शकते.

पहिल्यांदा सुरू करताना

जवळ ठेवा: पूर्ण चार्ज केलेला ग्लो इग्नायटर, प्लगसाठी ८ मि.मी.चा पाना, उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे दोन जादा प्लग, इन्फ्रारेड थर्मामीटर, हेअर ड्रायर किंवा हीट गन, चिंध्या. नीडल कंपनीने लावून दिलेल्या मापावर असतात. हाय-स्पीड नीडल हळुवार बंद करत किती फेरे होतात ते मोजा, वहीत लिहा आणि तेवढेच परत उघडा. पुढे गोंधळ झाला तर परतीची वाट हीच.

टाकीत इंधन भरण्याआधी, डबा बंद आणि दूर ठेवून, हेड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. त्याने निम्मा घट्टपणा जातो. मग इंधन भरा, पाइपच्या तोंडावर बोट ठेवून दोरी हळू ओढा. इंधन नळीतून कार्ब्युरेटरशी पोचलेलं दिसलं की थांबा. आता इग्नायटर लावा आणि दोरी आखूड, चटकन ओढा. एका वेळी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. टोकापर्यंत ओढली तर आतली स्प्रिंग किंवा दोरी तुटते.

दोरी ओढली जाईना, तर जोर लावू नका. दोनच कारणं असतात. इंजिन थंड असेल तर पुन्हा तापवा. ओव्हरफ्लो होऊन पिस्टनवर इंधन साचलं असेल तर इग्नायटर काढा, प्लग काढा, गाडी उलटी धरा आणि दोरी दोन-चारदा ओढा. इंधन पिचकारीसारखं उडतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. भरलेल्या सिलिंडरवर जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि नव्या इंजिनांचा शेवट बऱ्याचदा असाच होतो.

पहिल्या टाक्या

सुरू झाल्यावर इग्नायटर काढा. चाकं अधांतरी असताना थ्रॉटल जास्त देऊ नका. भार नसलेलं इंजिन भलत्या वेगाने फिरतं. मिनिट-दोन मिनिटं चाल स्थिर होऊ द्या आणि गाडी सपाट जमिनीवर उतरवा.

- पहिली टाकी: वरची बॉडी काढलेली. पाव थ्रॉटल, हळू पुढे, हळू थांबवणं. पाइपमधून निळसर धूर सतत दिसला पाहिजे.
- दुसरी आणि तिसरी: अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, दोन-तीन सेकंद देऊन सोडायचं. एकसारख्या वेगाने गोल गोल फिरवू नका, चढउतार हवा.
- चौथी आणि पाचवी: मधूनमधून क्षणभर पूर्ण थ्रॉटल. हाय-स्पीड नीडल थोडी थोडी आत, एका वेळी घड्याळाच्या डायलवरच्या एका तासाइतकीच.

हा अंदाज आहे. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. काही रेसिंग इंजिनं याहून बरीच जास्त टाक्या मागतात. थंड इंजिन प्लग काढून हाताने फिरवलं की पिस्टन वरच्या टोकाला पहिल्यापेक्षा सहज, पण अजून हाताला जाणवेल असा अडत पार होतो. तेव्हा ब्रेक-इन झालं समजा.

या काळात हेडचं तापमान, प्लगजवळ मोजून, ९० ते ११० अंशांत ठेवा. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंदांत उकळून गेला तर ठीक, पडताक्षणी चर्रकन उडाला तर फार गरम, नुसता बसून राहिला तर थंड. नाशिक-नागपूरच्या थंडीत सकाळी ९० गाठत नसेल तर हेडच्या काही पात्यांवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. नीडल लीन करून उष्णता वाढवू नका.

प्रत्येक टाकी पूर्ण संपू देऊ नका, शेवटचे थेंब जळताना मिश्रण लीन होतं. बंद करताना पाइपच्या तोंडावर जाड चिंधी दाबा. नळी चिमटून बंद करण्याची सवय ब्रेक-इनमध्ये नको. तीही शेवटच्या क्षणी इंजिन कोरडं करते. मग फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खाली आणा, म्हणजे स्लीव्ह थंड होऊन आवळताना पिस्टनवर आवळणार नाही. पिस्टन खाली असल्याची खूण फ्लायव्हीलवर मार्करने करून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण थंड होऊ द्या. या गरम-थंड फेऱ्यांनीच भाग बसतात, म्हणून घाई करून दोन टाक्या सलग जाळल्या तर दुसरी वाया गेली समजा.

नंतरचं ट्यूनिंग

आधी हाय-स्पीड नीडल, मग लो-स्पीड, शेवटी आयडलचा स्क्रू, हा क्रम बदलू नका. नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की मिश्रण लीन, उलट दिशेने रिच. लो-स्पीड पाहायची असेल तर गरम इंजिन आयडलवर असताना कार्ब्युरेटरजवळ नळी चिमटा: तीन-चार सेकंदांनी वेग किंचित वाढून इंजिन बंद पडलं तर मिश्रण बरोबर. लगेच पडलं तर लीन, बराच वेळ रेंगाळलं तर रिच.

थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, धूर दिसेनासा झाला, वेगात असताना अचानक जीव गेल्यासारखं वाटलं: ही लीन असल्याची लक्षणं. ताबडतोब थांबवा आणि नीडल उघडा. तापमानाचा आकडा बरोबर असूनही धूर नसेल तर धुरावर विश्वास ठेवा. प्लगही बोलतो: ओला प्लग म्हणजे रिच, चेपलेली, करडी पडलेली तार म्हणजे लीन किंवा अतितापलेलं.

मुंबईत लावलेली नीडल पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, थोडी रिच वाटेल, महाबळेश्वरला आणखी. विरळ हवेला इंधन कमी लागतं. पावसाळ्याच्या दमट हवेतही तसंच. हिवाळ्यात हवा दाट होते, तेव्हा पहिल्या सकाळी नीडल थोडी उघडूनच सुरुवात करा.

खेळून झाल्यावर

टाकी रिकामी करा, नळीतलं उरलेलं इंधन आयडलवर जाळून टाका, मग प्लगच्या भोकात आणि कार्ब्युरेटरात आफ्टर-रन ऑइलचे तीन-चार थेंब टाकून इंजिन फिरवा. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि त्या पाण्याने बेअरिंग गंजतं. मुंबईत आणि कोकणात, विशेषतः पावसात, हे दोन दिवस टाळलंत तरी मागच्या बेअरिंगची खरखर हाताला कळते. इंधनाचा डबाही वापरून लगेच घट्ट बंद करा.

आवाजाचंही भान ठेवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ब्रेक-इन करू नका. रुग्णालय, शाळा, न्यायालयाजवळची शांतता क्षेत्रं आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ टाळा.

इंजिन सदोष निघालं तर

इंधन भरण्याआधी इंजिन तपासणं हा तुमचा सर्वांत मोठा बचाव आहे, कारण एकदा इंधन जळलं की बहुतेक विक्रेते 'तुम्ही लीन चालवलं' असं म्हणून हात वर करतात. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. प्लग काढून इंजिन हाताने फिरवा: खरखर, वाकडा शाफ्ट, स्लीव्हवर ओरखडे दिसले तर तिथंच थांबा आणि लेखी कळवा. पिस्टन वर घट्ट लागणं हा दोष धरला जात नाही. उलट थंड, कोऱ्या इंजिनात तो घट्टपणा जाणवलाच नाही तर शंका घ्या. पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि मूळ देश छापलेला असायला हवा. पक्कं बिल घ्या.

ऑनलाइन घेतलं असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, विक्रेता दिल्लीत असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. बिल, व्हिडिओ आणि लेखी पत्रव्यवहार तोवर जपून ठेवा.